जसं चाललंय तसं

दवाखान्यात जायच्या दिवशी नूतन खैरनारनं सकाळी सासूबाईंची कूस बदलली, त्यांचं अंग पुसलं, त्यांना उपमा भरवला आणि मग ती स्वतः आंघोळीला गेली. आंघोळ करताना तिनं डाव्या छातीवरून हात फिरवून पाहिला. हाताला काहीच लागत नव्हतं. लागण्यासारखं काही नव्हतंच तिथे. मोहरीच्या दाण्याहून लहान असा एक ठिपका वॉर्डातल्या आरोग्य केंद्राच्या पट्ट्याला दिसला होता, एवढंच. हे पट्टे आता गावोगाव झाले होते. जाकिटासारखा छातीभोवती गुंडाळायचा, चहा उकळेपर्यंत उभं राहायचं आणि घरी जायचं. नूतन दरवर्षी जायची आणि दरवर्षी फोनवर हिरवी खूण यायची. या वर्षी खूण आली नाही. त्याऐवजी बायोप्सी करून घ्या, असा निरोप आला.

निरोप वाचल्यावर भीती वाटायला हवी होती. पण तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की दिवसभर घराबाहेर राहायचं तर सासूबाईंचं कोण करणार?

चार वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. नूतन तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात होती. तिनं ती नोकरी सोडली. आता ती घरी बसून, जमेल तसे दोन-चार तास, यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज तपासून द्यायची. बाकीचा दिवस आणि बरीचशी रात्र सासूबाईंची. त्यांना उठवून बसवायचं, खुर्चीत घ्यायचं, खुर्चीतून संडासात न्यायचं, परत आणायचं, रात्री दर थोड्या वेळानं कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. आजारी माणसाला उचलणारं यंत्र बाजारात आलं होतं. नूतनचा नवरा धनंजय ते घेऊनही आला होता. पण त्याचे मऊ रबरी हात पहिल्यांदा अंगाखाली सरकले तेव्हा सासूबाई अशा किंचाळल्या, की खालच्या मजल्यावरची माणसं धावत वर आली. तेव्हापासून ते बाल्कनीत उभं होतं. त्याच्यावर चादरी छान वाळायच्या.

धनंजय पंपांच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळायचा. त्यानं त्या दिवशी सुट्टी घेतली. "मी बसतो आईजवळ. तू जाऊन ये निवांत," तो म्हणाला.

*

डॉक्टर तांबोळी तिच्याहून बऱ्याच लहान होत्या. डोळ्यांखाली काळं होतं, पण आवाज मोकळा होता. त्यांनी नूतनला टेबलावर जरा तिरकं निजवलं, डावा हात डोक्यावर घ्यायला सांगितला आणि प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगितली.

"पहिली सुई टोचेल. जागा बधिर करायची आहे. थोडं जळजळेल, मग नाही. त्यानंतर दाबल्यासारखं, ओढल्यासारखं वाटेल. खट् असा आवाज होईल, तो सुईचा. दचकू नका. आणि दुखलं तर लगेच सांगा. सहन करत पडून राहायचं नाही."

जळजळलं, थांबलं. पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी हलत होतं. सुई त्यात बारीक रेघेसारखी शिरताना दिसली. खट्. पुन्हा खट्. खोलीत गार होतं. अंगावर धुतलेली चादर होती. भर दुपारी आपण आडव्या झालो आहोत आणि कोणीही हाक मारणार नाही, हे नूतनच्या लक्षात आलं, आणि तिचे डोळे मिटायला लागले.

"नूतनताई? बरं वाटतंय ना?"

"हो. झोप लागली तर चालेल का?"

डॉक्टर हसल्या. "या टेबलावर असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

नमुने काढून झाल्यावर डॉक्टरांनी त्या जागी तिळाएवढी धातूची खूण सोडली. पुढच्या तपासण्यांत जागा ओळखता यावी म्हणून. ती आतच राहायची होती आणि कधी जाणवणार नव्हती. मग सिस्टर आल्या आणि त्यांनी रक्त थांबावं म्हणून जखमेवर तळहात दाबून धरला. बराच वेळ. काही न बोलता. नूतन छताकडे बघत राहिली. दुसऱ्या कोणाचा हात इतका वेळ आपल्यासाठी अडकून पडल्याचं तिला आठवत नव्हतं.

टाके पडले नव्हते, नुसत्या चिकटपट्ट्या होत्या. सिस्टरनी बर्फाची पिशवी दिली आणि सूचना सांगितल्या. पट्ट्या आपोआप निघतील, ओढायच्या नाहीत. दोन दिवस घट्ट बसणारी ब्रा घालायची, रात्रीसुद्धा. बर्फ कापडात गुंडाळून अधूनमधून ठेवायचा. दुखलं तर लिहून दिलेलीच गोळी, मनानं दुसरी नाही. काळंनिळं होईल, मग हिरवं-पिवळं पडेल, त्याला घाबरायचं नाही. पण ताप आला, जागा लाल होऊन गरम लागली, सूज वाढत गेली किंवा रक्त थांबेना, तर लगेच फोन करायचा.

"आणि या हातानं वजन उचलायचं नाही. दुधाची पिशवी चालेल. पाण्याची बादली नाही."

"सिस्टर, माझ्या सासूबाई पंचावन्न किलोच्या आहेत."

सिस्टर आधी हसल्या. मग नूतन थट्टा करत नाहीये हे त्यांच्या लक्षात आलं. "कोणीतरी दुसरं बघावं लागेल, ताई," त्या हळूच म्हणाल्या.

*

घरी पोचली तेव्हा सासूबाई खुर्चीतून घसरून अर्ध्या खाली आलेल्या होत्या आणि धनंजय त्यांच्या काखांत हात घालून तसाच वाकून उभा होता. वर घेता येत नव्हतं आणि सोडताही येत नव्हतं. नूतनचे हात आपोआप पुढे झाले. मग ते तिनं मागे घेतले आणि पाठीशी एकमेकांत अडकवले.

"गुडघे वाकव," ती दारातून म्हणाली. "पाठ नाही, गुडघे. त्यांचा डावा पाय तुझ्या दोन पायांच्या मध्ये घे. आता त्यांना छातीशी धर. घट्ट धर, आईच आहे तुझी. आणि उठ."

धनंजय उठला. सासूबाई खुर्चीत नीट बसल्या. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

तीन दिवसांनी डॉक्टर तांबोळींचा फोन आला. धनंजयनं तो स्पीकरवर टाकला.

कॅन्सर नव्हता. पण काही पेशींचं रूप बदललेलं होतं. अशा पेशी काही बायकांच्या बाबतीत पुढे कित्येक वर्षांनी बिघडतात, बहुतेकींच्या नाही. पूर्वी, नक्की सांगता येत नसल्यामुळे, सगळ्यांनाच ती जागा कापून काढायला सांगत, वर पाच वर्षं गोळ्या देत. आता अग्रवाढ चाचणी होती.

"तुमच्या नमुन्यातल्या काही पेशी आम्ही जिवंत ठेवल्यात," डॉक्टर म्हणाल्या. "बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या डब्या असतात. त्यात जेलीमध्ये या पेशी वाढवायच्या, केसाहून बारीक नळ्यांतून रक्तासारखा द्रव फिरवायचा, तुमच्याच रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी त्यात सोडायच्या. आणि मग त्यांच्या वाढीचं घड्याळ पळवायचं. तीन आठवड्यांत त्या पेशी आठ वर्षं जगतात."

"म्हणजे भविष्य कळतं?" धनंजयनं विचारलं.

"भविष्य नाही. या एवढ्याशा जागेचं वय वाढवून बघतो, बस. दुसरीकडे कुठे काय होईल ते याला कळत नाही, तेव्हा दरवर्षीची तपासणी चुकवायची नाही." मग त्यांनी तीन डब्यांचं सांगितलं. पहिल्या डबीत शरीर आत्ता आहे तसं ठेवायचं. नूतनच्या मनगटी पट्ट्यात गेल्या वर्षभराची झोप, नाडी, ताण सगळं नोंदलेलं होतं. त्यावरून तिच्या रक्तात कधी काय वाढतं, काय उतरतं, ते काढून त्या डबीतल्या द्रवात तेच चढउतार घडवायचे. दुसऱ्या डबीत पुरेशी झोप आणि विश्रांती मिळालेलं शरीर. तिसऱ्या डबीत गोळ्या चालू असलेलं. "ताणानं हा आजार होतोच असं काही आम्ही म्हणत नाही. पण तुमच्या पेशींना फरक पडतो का, ते दिसतं. पहिल्या डबीला आम्ही 'जसं चाललंय तसं' म्हणतो."

डब्यांची चित्रं रोज फोनवर येणार होती.

*

पुढचे तीन आठवडे घर त्या डब्यांभोवती फिरलं.

धनंजय सकाळी उठला की चष्मा शोधायच्या आधी फोन शोधायचा. जांभळ्या पार्श्वभूमीवर फिकट गोळे दिसायचे, द्राक्षांच्या घडासारखे. तो ते मोठे करून बघायचा, आदल्या दिवसाशी ताडून बघायचा. हैदराबादला नोकरी करणारी त्यांची मुलगी अन्वी रोज फोन करायची. "मम्मी, दुसरी डबी आज किती छान दिसतेय! पहिलीत कडेला जरा काळपट वाटतंय का गं?" धनंजयची बहीण, शेजारच्या गुजर वहिनी, कारखान्यातले लोक, सगळ्यांना डब्या माहीत झाल्या होत्या. आज काय म्हणतात डब्या, असं विचारायचे. नूतन काय म्हणते, असं विचारायचं मात्र राहून जायचं.

नूतनची छाती आधी जांभळी झाली, मग हिरवट, मग कडेनं पिवळी. पट्ट्या एकेक करून आंघोळीत निघाल्या. आत जरा गाठल्यासारखं लागत होतं. ते साकळलेलं रक्त आहे, जिरेल, असं सिस्टरनी फोनवर सांगितलं. एका बाजूवर निजलं की ठणकायचं. पण निजायला मिळत होतं. वजन उचलायची बंदी थोड्याच दिवसांची होती. ती संपली तरी धनंजय म्हणाला, "रिपोर्ट येऊ दे. तोवर तू हात लावायचा नाहीस." आणि खरंच, त्यानं शिफ्ट बदलून घेतली, रात्री गजर लावून तो उठू लागला. कूस बदलायला शिकला, चादर न काढता पालटायला शिकला. आईचं अंग पुसताना तो डोळे मिटून घ्यायचा आणि सगळं पाणी गादीवर सांडायचा.

पहिल्या काही रात्री नूतन तरीही जागी व्हायची. मग एक दिवस ती जेवून दिवाणावर टेकली ती दिवे लावायच्या वेळी उठली. गालावर उशीच्या शिवणीचे वळ उमटले होते. शेजारी फोन पडला होता. तिनं पहिल्या डबीचं चित्र उघडलं. कडेचा काळपट भाग वाढल्यासारखा वाटत होता.

तिला बरं वाटलं.

ते तिच्या ध्यानात आलं. तिनं फोन उलटा ठेवला, तोंडावर पाणी मारलं आणि कोणी काही विचारलेलं नसताना, "चहा टाकते," असं मोठ्यानं म्हणाली.

त्याच आठवड्यात एकदा धनंजय दूध आणायला खाली गेला होता, तेव्हा सासूबाईंनी तिला डाव्या हातानं खुणावून जवळ बोलावलं. त्यांचे शब्द अडखळत यायचे, पण नूतनला ते सवयीनं कळायचे.

"कधी... होणार... बरी?"

"बरी झालेय आई. जखम भरली."

"मग?"

नूतननं त्यांची चादर सरळ केली. सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. चांगल्या हाताची त्यांची पकड अजून घट्ट होती.

"धना... पुसतो. मुलगा आहे माझा. मला... लाज वाटते गं." त्यांचे डोळे भरून आले. "मेले असते तर... बरं."

नूतननं पदरानं त्यांचे डोळे पुसले. त्यांची लाज खरी होती. त्यांच्या जागी नूतन असती तर तीही लाजेनं मेली असती. हे सगळं कळूनही, उद्यापासून मी करते आई, हे शब्द काही तिच्या तोंडून निघाले नाहीत.

*

रिपोर्ट घ्यायला दोघं मिळून गेले. सासूबाईंजवळ गुजर वहिनी बसल्या.

डॉक्टर तांबोळींनी तिन्ही डब्यांची शेवटची चित्रं शेजारी शेजारी लावली. "काही नाही," त्या म्हणाल्या. "तिन्हींमध्ये काही नाही. आठ वर्षांत एकही पेशी बिघडलेली नाही. ते काळपट दिसत होतं ना, त्या नुसत्या जुन्या पेशी साठल्या होत्या. ऑपरेशन नको, गोळ्या नकोत. वर्षानं पट्ट्याची तपासणी, बस."

धनंजयनं चष्मा काढला आणि बाहीनं डोळे पुसले.

"पहिल्या डबीतसुद्धा?" नूतननं विचारलं.

"पहिल्या डबीतसुद्धा. मी मुद्दाम दोनदा बघितलं, कारण तुमची रात्रीची झोप भयंकर आहे. पण फरक नाही. तुमच्या पेशी फार सोशिक आहेत."

सोशिक. लग्न झालं तेव्हापासून हा शब्द तिच्याबद्दल बोलला जात होता. बारशाला, वास्तुशांतीला, सासूबाईंच्या आजारपणात भेटायला येणाऱ्यांच्या तोंडून. आता तो तपासून सिद्ध झाला होता.

धनंजय अन्वीला फोन करायला बाहेर गेला. नूतन उठली नाही.

"डॉक्टर, वजन उचलू नका असं आणखी लिहून द्याल का?"

"किती दिवस?"

"लिहिता येईल तेवढे."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. "दुखतंय?"

"नाही."

"ताप? सूज?"

"नाही."

बाहेर पुढच्या बाईचं नाव पुकारलं गेलं. "मग नाही लिहिता येणार, ताई," डॉक्टर म्हणाल्या. "खोटं कसं लिहू? आणि खरं लिहायचं म्हटलं तर... त्या डब्यांत पेशी असतात. तुम्ही दमल्यात की नाही हे विचारायची सोय त्यांत नसते."

*

संध्याकाळी पेढे आले. गुजर वहिनींनी नूतनला मिठी मारली. अन्वी फोनवर रडली आणि हसली. धनंजयनं उद्यापासून जुनी शिफ्ट घेतो म्हणून कारखान्यात कळवलं. मग सासूबाईंच्या खोलीतून हाक आली. धनंजय पेढ्याचा खोका हातात घेऊन दिवाणावर बसला होता. त्यानं मान वर करून नूतनकडे पाहिलं. अगदी सहज. जसं कोणी पावसाला सुरुवात झाली की खिडकीकडे बघतं.

"जातेस ना?"

नूतन गेली. तिनं गुडघे वाकवले, सासूबाईंना छातीशी घेतलं, उचललं, फिरवलं, निजवलं, त्यांचं अंग पुसलं. एकही थेंब सांडला नाही. सासूबाईंनी मोठा सुस्कारा सोडला आणि तिच्या गालावर हात ठेवला.

जेवणं झाल्यावर नूतननं भांडी तशीच ठेवली आणि धनंजयच्या समोर येऊन बसली.

"मी उद्यापासून आईंना उचलणार नाही."

"का? दुखतंय का पुन्हा?"

"नाही."

"मग? डॉक्टर तर म्हणाल्या सगळं ठीक आहे."

"आठ वर्षं असंच चाललं तरी मला काही होणार नाही, असं म्हणाल्या. तू ऐकलंस ना? आठ वर्षं, धनंजय."

"चांगलंच आहे की ते."

"मला वाटलं होतं, पहिली डबी बिघडेल," नूतन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "रोज बघायचे मी. बिघडली की तुम्ही सगळे मला झोपू द्याल, असं वाटायचं. कॅन्सर झाला तर झोपायला मिळेल, असं वाटायला लागलं होतं मला. कळतंय का तुला, मी काय बोलतेय?"

धनंजयचा हात पेढ्याच्या खोक्यावर तसाच राहिला. मग तो म्हणाला, "आधी का नाही बोललीस?"

"दमतेय म्हणून बोलले होते. तेव्हा दाखवायला रिपोर्ट नव्हता, म्हणून ऐकलं नाहीस."

"पण मग करायचं काय? परकी बाई घरात आणली तर आई..."

"आईंना मी सांगते. रात्रीचं तू करशील. करतोस तू नीट, मी बघितलंय. दिवसा बाई ठेवू. आणि मी कारखान्यात फोन करणार आहे, ड्रॉइंग विभागात जागा आहे का विचारायला."

"आणि जागा नसली तर?"

"नसली तर घरी झोपेन."

सासूबाईंना तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. खुर्ची ओढून, त्यांच्या डोळ्यांसमोर बसून. "अंग पुसायला, न्यायला एक बाई येईल आई. धनंजय नाही पुसणार, तुमचं ते मी ऐकलं. पण मीही नाही."

"परकी?" सासूबाई म्हणाल्या.

"हो. परकी. मीही परकीच आले होते या घरात."

सासूबाईंनी डोळे मिटले. पुढे काही दिवस त्या नूतनशी बोलल्या नाहीत. रेश्मा नावाची जाडजूड, बडबडी बाई येऊ लागली. पहिल्या दिवशी सासूबाईंनी तिच्या हातावर ओरखडे काढले, दुसऱ्या दिवशी शिव्या दिल्या. रेश्मानं त्या शिव्या नीट समजून घेतल्या, त्यांतल्या दोन तिला नवीन होत्या, आणि त्यावर ती इतकी हसली की सासूबाईंचा जोर गेला. धनंजयच्या बहिणीनं फोन करून नूतनला चार शब्द सुनावले. नूतननं ते ऐकून घेतले आणि सुट्टीत येऊन राहा म्हणून सांगितलं. ती आली नाही. कारखान्यात जागा नव्हती, कळवू म्हणाले. संध्याकाळी नूतन सासूबाईंजवळ बसून त्यांना पेपर वाचून दाखवायची. त्या ऐकत नसल्यासारखं करायच्या आणि तिनं पान चुकवलं की बोटानं दाखवायच्या.

छातीवरचा पिवळेपणा गेला. जखमेच्या जागी बारीक फिकट रेघ राहिली.

मग एका पहाटे, उजाडत असताना, सासूबाईंची हाक आली. "नूतन!"

नूतनचे पाय ती जागी व्हायच्या आधीच जमिनीला टेकले होते. अंगानं आपली सवय सोडली नव्हती. ती पलंगाच्या कडेला बसून राहिली. शेजारची जागा रिकामी होती. पलीकडच्या खोलीत धनंजयच्या सपाता वाजल्या, पलंग करकरला, चादर झटकल्याचा आवाज आला.

"नूतन... कुठाय?"

"झोपलीय आई," धनंजय म्हणाला. "हात टाक माझ्या गळ्यात. हं. असा."

नूतननं पाय वर घेतले, चादर खांद्यापर्यंत ओढली आणि डोळे मिटले.